गोव्याचं तिकीट काढलंत? कुठल्या विमानतळाचं?

"पोहोचलीस का गं?"

"हो मावशी, बॅग घेऊन बाहेर उभी आहे. तू कुठे आहेस?"

"मीपण बाहेरच. खांबाजवळ. हिरवी साडी बघ."

खांब पुष्कळ होते. हिरवी साडी एकही नव्हती. पाच मिनिटं आम्ही दोघी फोनवर एकमेकींना हात हलवून दाखवत होतो. मग मावशीने विचारलं, "अगं, येताना खाली समुद्र दिसला ना?" आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण समुद्र दिसलाच नव्हता. दिसलं होतं ते लाल मातीचं पठार आणि लांबवर डोंगर.

मावशी दाबोळीला उभी होती. मी मोपाला. मध्ये साठेक किलोमीटर, दोन मोठ्या नद्या आणि अख्खं पणजी शहर!

चूक शंभर टक्के माझीच. हैदराबादहून तिकीट काढताना 'गोवा' टाकलं, सगळ्यात स्वस्त दिसलं ते बुक केलं. कोडकडे कोण बघतं? आता बघते. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. एका अक्षराचा फरक मला कदंबाच्या बसने पणजी आणि तिथून पुढे वास्को, एवढा पडला. मावशी तोपर्यंत घरी जाऊन, सोलकढी करून, पुन्हा मला न्यायला बसस्टँडवर हजर होती.

रात्री जेवताना माझी सगळ्यांनी यथेच्छ थट्टा केली. पण काका मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "हिचं काय चुकलं? आता सगळे तिकडेच उतरतात. थोडे दिवसांनी दाबोळी म्हणजे काय ते विचारायला लागतील."

ते वाक्य डोक्यात राहिलं. सुट्टीचे उरलेले दिवस मी बीचवर कमी आणि दाबोळीच्या मागेच जास्त होते. काकांना विचारलं, त्यांच्या आईंना विचारलं, वाचलं. आणि लक्षात आलं, की ज्या विमानतळावरून आपण इतकी वर्षं बीचची टोपी घालून उतरलो, तो आपल्यासाठी बांधलेलाच नव्हता.

बटाटे हॉलंडचे, विमान कराचीचं

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, पण गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगरहवेली पोर्तुगालकडेच राहिले. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार सोडायला तयार नव्हता. त्याच्या मते हे वसाहतीचे तुकडे नव्हतेच, पोर्तुगालचेच प्रांत होते. १९५४ मध्ये दादरा-नगरहवेली त्यांच्या हातून गेली. १५ ऑगस्ट १९५५ ला हजारो सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले, त्यांच्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. कॅसलरॉकवरून घाट उतरून मुरगाव बंदरापर्यंत येणारी रेल्वे बंद झाली. मुंबईची बोट बंद झाली.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. तीन बाजूंनी भारत, एका बाजूला समुद्र. जमिनीचे रस्ते बंद. मग उरतं काय? पाणी आणि आकाश.

म्हणून वास्कोजवळच्या दाबोळीच्या पठारावर धावपट्टी आली. १९५५ मध्ये ती सुरू झाली आणि पुढे तिला तेव्हाच्या गव्हर्नर जनरलचं, बेनार्द गेदिशचं नाव दिलं गेलं. त्याच वर्षी गोव्याची स्वतःची विमान कंपनीही निघाली. तिचं नाव लांबलचक पोर्तुगीज होतं, सगळे टीएआयपीच म्हणत. हेरॉन नावाच्या छोट्या विमानांनी सुरुवात झाली, मग मोठी चार इंजिनांची विमानं आली. दमण आणि दीवलाही धावपट्ट्या बांधल्या. भारताच्या जमिनीवरून उडायचं नाही, म्हणून ही विमानं समुद्रावरून जात.

आणि मोठा थांबा होता कराची. आज हे वाचताना विचित्र वाटतं ना? पण कराचीत तेव्हा गोंयकारांची मोठी वस्ती होती, आणि तिथून पुढे थांबत थांबत लिस्बनपर्यंत जाता येत असे. दाबोळीहून मुंबईला विमान नव्हतं, कराचीला होतं.

काकांच्या आई, ज्यांना मीही आजीच म्हणते, तेव्हा शाळकरी मुलगी होत्या. त्यांना विमानतळाचं काही फारसं आठवत नाही. त्या सामान्य घरातल्या, विमानात कोण बसवणार? त्यांना आठवतात बटाटे. नाकेबंदीत घाटावरचा भाजीपाला येईना, तेव्हा बाजारात परदेशी बटाटे आले. हॉलंडचे! आजी कोकणीत सांगतात, मी मराठीत लिहिते: "दिसायला एकदम गोरे, पण आमच्या भाजीला चव नाही." बाकी परदेशी चीजवस्तूंचं मात्र तेव्हा पेवच फुटलं होतं म्हणे. लोखंडाच्या खाणींचा पैसा येत होता, जकात कमी होती. नाकेबंदीतही दुकानं भरलेली, पण मुंबईत नोकरी करणारा सख्खा भाऊ घरी येऊ शकत नाही, अशी ती वर्षं.

मला वाटतं, दाबोळीचा जन्म नीट समजून घ्यायचा तर ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. साधारणपणे विमानतळ बांधतात ते शेजाऱ्यांशी जोडून घेण्यासाठी. हा बांधला गेला शेजाऱ्याला वगळून जगण्यासाठी.

१८ डिसेंबरची सकाळ

मी गेले तेव्हा डिसेंबरच होता. १९ डिसेंबर हा गोवा मुक्तिदिन, त्यामुळे आजींची गाडी आपोआपच त्या विषयावर आली.

१८ डिसेंबर १९६१, सोमवार. ऑपरेशन विजय सुरू झालं. विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली हवाई दलाची १२ कॅनबेरा बॉम्बर विमानं दाबोळीवर आली आणि काही मिनिटांत ६३,००० पौंड, म्हणजे २८ टनांहून जास्त बॉम्ब धावपट्टीवर टाकून गेली. नंतर आणखी एक तुकडी आली. दुसरीकडे हंटर विमानांनी बांबोळीचं वायरलेस केंद्र उडवलं. आजी म्हणतात, भांडी मांडणीवरून खाली आली आणि त्यांची आई देवाच्या खोलीत जाऊन बसली ती उठेचना. कुठे काय पडतंय हे घरात कोणालाच कळत नव्हतं.

पण वैमानिकांना आदेश होता, की फक्त धावपट्टी निकामी करायची. इमारतींना हात लावायचा नाही. हे सगळं उद्या आपलंच होणार आहे हे दिल्लीला माहीत होतं. कोणी आपल्या होणाऱ्या घराच्या काचा फोडत नाही.

आता यातला सिनेमासारखा भाग. त्या वेळी दाबोळीवर दोन मोठी प्रवासी विमानं उभी होती. एक पोर्तुगालच्या विमान कंपनीचं सुपर कॉन्स्टलेशन, दुसरं टीएआयपीचं. ती जाणूनबुजून सोडून दिली होती. धावपट्टीच उखडलीय, जातील कुठे? पण पोर्तुगीजांनी अंधारात धावपट्टीचा एक तुकडा कसाबसा बुजवला, अधिकाऱ्यांच्या बायकामुलांना विमानांत बसवलं आणि त्या अर्धवट पट्टीवरूनच दोन्ही विमानं उडवली. खालून, समुद्राला जवळजवळ चिकटून, ती कराचीला पोहोचली.

लढाईच्या बाजूने पाहिलं तर ही फजितीच म्हणायची. तरी मला त्या विमानांतल्या मुलांचा विचार येतो. त्यांच्यातली काही गोव्यातच जन्मली असतील. त्यांनी खिडकीतून शेवटचं काय पाहिलं असेल? काळोख आणि समुद्र, बस.

दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला रात्री गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागतीवर सही केली. सालाझारने त्यांना शेवटच्या माणसापर्यंत लढायला सांगितलं होतं. त्यांनी ते ऐकलं नाही. गोवा उद्ध्वस्त व्हायचा वाचला त्यात या न ऐकण्याचाही वाटा आहे, असं मला वाटतं.

घरमालक नौदल

एप्रिल १९६२ मध्ये, गोव्याचे लष्करी गव्हर्नर मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्या काळात, दाबोळी नौदलाच्या ताब्यात गेली. नौदलाला ती हवीच होती. विक्रांत ही विमानवाहू नौका १९६१ मध्येच ताफ्यात आली होती, आणि तिच्यावरच्या विमानांना जमिनीवर घर पाहिजे होतं. कोइम्बतूरजवळ सुलूरला सुरू झालेला आयएनएस हंसा हा तळ १९६४ मध्ये दाबोळीला हलला. तेव्हापासून आजपर्यंत दाबोळीचं खरं नाव आयएनएस हंसा. सी हॉक गेली, सी हॅरियर आली, तीही निवृत्त झाली, मग मिग-२९के आली. जहाजाच्या डेकसारखा वर वळलेला एक उतारही इथे जमिनीवर बांधलाय. वैमानिक जहाजावर जाण्याआधी इथे उडायचा सराव करतात.

आणि आपण? आपण भाडेकरू. धावपट्टी नौदलाची, विमानांना 'उतरा, थांबा' सांगणारा टॉवर नौदलाचा, बहुतेक जमीन नौदलाची. एका कडेला थोड्या जागेत विमानतळ प्राधिकरणाचं प्रवासी टर्मिनल. विमान टेकताना "हे संरक्षण दलाचं विमानतळ आहे, फोटो काढू नका" अशी घोषणा ऐकली असेलच. पुण्यात लोहगावला हेच आहे, तिथे मालक हवाई दल. विशाखापट्टणमला पुन्हा नौदल.

भाडेकरूला घरमालकाच्या वेळा पाळाव्या लागतात. दाबोळीत सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठ ते दुपारी एक नौदलाचा सराव, त्या वेळात प्रवासी विमानांना जागा नाही. म्हणून वर्षानुवर्षं गोव्याची विमानं एकतर भल्या पहाटे, नाहीतर दुपारनंतर एकदम गर्दीने. १९८० च्या दशकात युरोपातून थंडीला कंटाळलेल्या पर्यटकांची चार्टर विमानं सुरू झाली, मग पुढे रशियन आले, देशातली स्वस्त विमानं आली. छोट्याशा टर्मिनलमध्ये सामानाच्या पट्ट्याभोवती लग्नघरासारखी गर्दी व्हायची. २०१३ मध्ये नवं मोठं टर्मिनल उघडलं तेव्हा कुठे लोकांनी श्वास घेतला. पण टर्मिनल कितीही मोठं करा, धावपट्टी एकच आणि वेळा त्याच.

नौदलाला नावं ठेवायचा माझा इरादा नाही. देशाचं रक्षण करणाऱ्यांनी सराव कुठे करायचा मग? फक्त एवढंच, की गोव्याचं सगळं पर्यटन सकाळच्या साडेचार तासांच्या फटीभोवती फिरत होतं, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होतं? मला तरी नव्हतं. मला वाटायचं विमान कंपन्यांनाच सकाळी उठायचा कंटाळा.

एक शिफारस. दाबोळीजवळ बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ पासून. मुलांना घेऊन नक्की जा. तिथे उघड्या आवारात एक जुनं सुपर कॉन्स्टलेशन उभं आहे, आधी एअर इंडियाचं असलेलं. तीन शेपट्यांचं, माशासारख्या अंगाचं. १९६१ च्या त्या रात्री पळालं ते याच जातीचं विमान. मी त्याच्या पोटाखाली उभी राहिले आणि त्या अर्धवट धावपट्टीचा विचार करत राहिले. शेजारी एक छोटा मुलगा आईला विचारत होता, "हे उडतं का?"

मग मोपा आलं

घरमालकाच्या वेळांना कंटाळून स्वतःचं घर बांधायचं, हा विचार जुना आहे. पेडणे तालुक्यातलं मोपाचं पठार, उत्तर गोव्याचं टोक. पलीकडे लगेच महाराष्ट्र, बांदा, सावंतवाडी. २००० साली केंद्राने तत्त्वतः मंजुरी दिली, पण एका अटीवर, की मोपा सुरू झालं की दाबोळीची प्रवासी उड्डाणं बंद. झालं, दक्षिण गोवा पेटला. अखेर २०१० मध्ये ती अट काढली गेली.

त्यानंतरही रस्ता सरळ नव्हता. पठारावरची झाडं, झरे, तिथे गुरं राखणारी धनगर कुटुंबं ज्यांना घरं सोडावी लागली, सगळे प्रश्न कोर्टापर्यंत गेले. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण मंजुरी स्थगित केली आणि काम थांबलं, २०२० च्या जानेवारीत पुन्हा परवानगी मिळाली. ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं, ५ जानेवारी २०२३ ला प्रवासी विमानं सुरू झाली. नाव मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, मनोहर पर्रीकरांच्या आठवणीसाठी.

सिंधुदुर्गातल्या लोकांना मोपा म्हणजे लॉटरी. त्यांना आधी दाबोळीला यायला अख्खा गोवा ओलांडावा लागायचा. शिवाय चोवीस तास उघडं, साडेआठ ते एकची भानगड नाही. उत्तरेच्या बीचवर जाणाऱ्यांनाही सोयीचं. मी स्वतः उतरलेय, चकचकीत आहे, स्वच्छ आहे. खोटं कशाला बोलू?

पण काकांची काळजीही खोटी नाही. एकेक करत विमानं तिकडे सरकली, आंतरराष्ट्रीय उड्डाणंसुद्धा. सासष्टी तालुक्यातल्या घराघरातला कोणी ना कोणी आखातात नाहीतर बोटीवर नोकरीला असतो. रात्री दोनला विमान असेल तर मडगावहून दाबोळी अर्ध्या-पाऊण तासात, मोपा मात्र गोव्याच्या दुसऱ्या टोकाला. काकांच्या ओळखीचे एक टॅक्सीवाले पंचवीस वर्षं दाबोळीच्या स्टँडवर आहेत. मी विचारलं, मोपाला का नाही जात? ते म्हणाले, "बाय, तिथे तिथल्या लोकांचा हक्क. त्यांच्या जमिनी गेल्यात." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मग म्हणाले, "पण माझं गिऱ्हाईकपण त्यांच्याबरोबर गेलं."

सरकार पुन्हा पुन्हा सांगतं की दाबोळी बंद होणार नाही. मी हैदराबादची. आमच्याकडे शमशाबादचं विमानतळ मार्च २००८ मध्ये सुरू झालं आणि बेगमपेटची प्रवासी उड्डाणं थांबली. बंगळुरूला त्याच वर्षी मे महिन्यात तसंच झालं. बाबा अजूनही बेगमपेटवरून जाताना गाडीतून मान वळवून बघतात. आजोबा पहिल्यांदा विमानात बसले ते तिथूनच. म्हणून दक्षिण गोव्यातल्या लोकांची भीती मला उगाच वाटत नाही. आणि तरीही, खरी गोष्ट ही, की स्वस्त तिकीट दिसलं तेव्हा मीही मोपाच निवडलं. नकळत का होईना.

परतीचं तिकीट मात्र मुद्दाम दाबोळीचं काढलं. सातशे रुपये जास्त पडले. दुपारचं विमान होतं. सोडायला मावशी, काका आणि हट्टाने आजीसुद्धा आल्या. टर्मिनल एवढं मोठं आणि गर्दी एवढी कमी, की आजींना बसायला लगेच खुर्ची मिळाली असती, पण त्या बाहेरच कट्ट्यावर बसल्या.

आत जाताना मावशीने पिशवीत कोकमाची बाटली कोंबली. मी म्हटलं, "अगं, हातातल्या सामानात नाही चालणार." ती म्हणाली, "मग बॅगेत टाक. आणि पुढच्या वेळी येशील तेव्हा तिकिटाचा फोटो आधी मला पाठव. मी बघते कोड."

विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन थांबलं. कॅप्टनने सांगितलं, थोडा वेळ लागेल. खिडकीतून बघितलं तर लांब करड्या रंगाची नौदलाची विमानं रांगेत उभी होती. आधी त्यांच्यातलं एक उडालं, मग आम्हाला परवानगी मिळाली. जमीन सुटली आणि दुसऱ्याच क्षणी खाली समुद्र होता. फोटो काढायचा नव्हता, म्हणून नुसतं बघून घेतलं.